दटावून वाढलेला भात

माझा दादा फोनवर बोलायला लागला की मधे फोन कशाला ठेवलाय, असा प्रश्न पडतो. त्याचा जन्म गेला बांधीच्या या धुऱ्यावर उभं राहून त्या धुऱ्यावरच्या माणसाशी बोलण्यात. बांधी म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा आणि धुरा म्हणजे त्याचा बांध, हे आत्ताच सांगून टाकते. आमगावच्या शाळेत वीसेक वर्षं मराठी शिकवतेय मी. समोरच्याला कळलं की नाही हे पाहिल्याशिवाय पुढं जायची सवय नाही, आणि न कळता नुसती मान हलवणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं.

तर या दादानं दिवाळीच्या तोंडावर एक फोन केला आणि पोटच्या पोरीचं जमत आलेलं लग्न जवळजवळ घालवलं. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

माझी भाची, म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरी करते. तिथंच तिनं एक मुलगा पसंत केला. मुलगा कऱ्हाडच्या पुढच्या एका खेड्यातला, घरी ऊस. तिनं घरी सांगितलं तेव्हा नातेवाइकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, वहिनीनं दोन दिवस तोंड फुगवलं, आणि दादानं पोरीला एकच विचारलं, "पोट्टा दारू पिते का?" ती नाही म्हणाली. "मंग झालं," म्हणून तो धान पाहायला निघून गेला.

पुढचं ठरलं असं की मुलाचे आईवडील आधी आमच्याकडे येतील, घर बघतील, माणसं बघतील, आणि मग सुपारी फुटेल. ते दसऱ्याला येणार होते. मग त्यांच्याकडे ऊसतोडीचं काम निघालं. मग आणखी एकदा पुढे ढकललं. दादाचा धीर सुटला. कुणाला न विचारता त्यानं मुलाच्या वडिलांना फोन लावला. मी तेव्हा ओसरीवरच बसले होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

"काहो, काऊन येऊन नाही राहिले तुमी? पोरगी पसंत नाही का? नसन तं सांगून द्या, आमी का जबरदस्ती करून राहिलो?"

दादाचा फोन कायम स्पीकरवर असतो. पलीकडून "बघतो" असा एक शब्द, आणि फोन बंद.

आता आमच्या भागात हे आमंत्रण आहे. याहून प्रेमाचं आमंत्रण दादाला देता येत नाही. ‘आपण अवश्य यावे’ असं कुणी म्हटलं, तर आमच्याकडचा माणूस दोनदा विचार करतो, की बाबा, याच्या मनात काय आहे. पण हे कऱ्हाडला कोण सांगणार? त्याच दिवशी भाचीचा फोन आला, रडवेली झाली होती. "आत्या, त्याचे बाबा विचारत होते, तुझे पप्पा नेहमी असंच बोलतात का. आत्या, तू काहीतरी कर ना गं. ते येतायत आता, दिवाळी झाल्यावर येतायत. पण पप्पांनी पुन्हा तोंड उघडलं तर सगळं संपेल."

काहीतरी कर म्हटलं की मी करतेच. तोच माझा दोष आहे.

का करते तेही सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी मी डी.एड. करायला पुण्यात गेले होते. पहिल्याच दिवशी वसतिगृहात मी कुणाला तरी म्हटलं, "मी मेसमध्ये जाऊन राहिली, येतं का?" आणि खोलीतल्या चौघीजणी खो खो हसल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यातल्या एकीच्या बाळाला मी पुढं अंगडं-टोपडं पाठवलं. पण त्या हसल्या ते हसल्या. मी महिन्याभरात जीभ अशी वळवली, की वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले. मग एक दिवस दादा आला, चिन्नोर तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन, गोंदियाहून रेल्वेनं. वसतिगृहाच्या फाटकातून त्यानं मला पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "काऊन एवढी वाळून राहिली वो? खाऊन नाही राहिली का? का शहरात भात नाही भेटत?" खिडक्यांमध्ये मुली जमल्या. मी फाटकाजवळ गेले आणि खाली बघत म्हटलं, "दादा, जरा हळू. आणि जरा नीट बोल."

"बरं," दादा म्हणाला. गोणी उतरवली, पाणी प्यायला आणि गेला.

तेव्हापासून दादा माझ्याशी नीट बोलतो. "ये. बस. कशी आहेस? चहा घेणार का?" असं. लोक म्हणतात, तुझा भाऊ तुझा किती मान ठेवतो. मलाही त्याचा मोठा अभिमान होता. म्हटलं, एवढा आडदांड माणूस, पण मास्तरीण बहिणीपुढं कसा सरळ होतो. म्हणून मला वाटलं, जो माझ्यापुढं सरळ होतो त्याला पाहुण्यांपुढं सरळ करायला कितीसा वेळ.

दादाचं बोलणं म्हणजे काय प्रकार आहे, तेही जरा ऐका. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. आमच्याकडे बारा कोस लागत नाहीत, दादा गोठ्यापासून फाटकापर्यंत गेला की तीन बदलून होतात. आमचे वाडवडील कधीकाळी माळव्यातून आले. येताना पोवारी बोली घेऊन आले, आणि वाटेत ज्या ज्या गावचं पाणी प्यायले त्या त्या गावची चव तिला लागत गेली. ती पोवारी दादा सकाळी म्हशीशी बोलतो, वहिनीशी बोलतो, आणि देवाशी. फाटकावर धान कापायला आलेल्या बायांशी झाडीबोली. त्यात दोघी-तिघी सालेकशाच्या पलीकडून, छत्तीसगढच्या बाजूनं आलेल्या असल्या, तर त्यांच्याशी त्यांच्यासारखं. दुपारी गोंदियाला राईस मिलवर गेला की तिथं खडी हिंदी, कारण गोंदियात मराठीत भाव विचारला तर दुकानदार आधी आपल्याला सरकारी माणूस समजतो. यातलं काही तो ठरवून करत नाही. समोर कोण उभं आहे ते बघून जीभ आपोआप वळते. आणि मी, एम.ए. मराठी, मला धड एकच येते.

काळाचंही तसंच. आम्ही लहानपणी बापाच्या बहिणीला फुफाबाई म्हणायचो. माझी भाची मला आत्या म्हणते, आणि मैत्रिणींना फोनवर सांगताना बुआ. तिला पोवारी कळते पण बोलत नाही. बोलायला लागली की पाहुणीसारखी बोलते आणि स्वतःच हसते. वहिनीला याचं वाईट वाटतं. मी आजवर वहिनीला सांगत आले, की अगं, जग पुढं जातं. पुढं जाणारं जग म्हणजे बहुतेक मीच, असा माझा समज होता.

तर मी दादाची शिकवणी सुरू केली. दिवाळीची सुट्टी होती, रोज आमगावहून स्कूटीनं गावी जायचे. तो खळ्यावर धानाचे भारे रचत असायचा, मी बाजूला पायलीवर बसायचे. जास्त शिकवायचं नाही, हे माझं मी ठरवलं होतं. तीन वाक्यं फक्त. गाडीतून उतरल्यावर, "प्रवास कसा झाला?" जेवताना, "आणखी थोडा भात घ्याल का?" आणि पाहुणे नको म्हणाले की, "बरं, जशी आपली इच्छा."

तिसऱ्या वाक्याला दादा अडला. भारा हातात धरून म्हणाला, "नको म्हटल्यावर बरं कसं म्हणायचं? पाहुणा नकोच म्हणतो."

"दादा, त्यांच्याकडे नको म्हणजे नको असतं. हात धरायचा नाही, ताटावर झुकायचं नाही, दटावायचं तर अजिबात नाही."

"मग त्याला कसं समजणार, की आपल्याला तो आवडला?"

 शिक्षकाकडे उत्तर नसलं की तो जे करतो तेच मी केलं, म्हटलं, "तू आधी पाठ कर." त्यानं पाठ केलं. भारे उचलताना, तोंडात सुतळी धरून, "जशी आपली इच्छा, जशी आपली इच्छा." धान कापणाऱ्या बाया त्याला विचारायला लागल्या, की मालक, कोणता मंत्र आहे जी हा. वहिनीलाही मी बजावलं. वहिनी म्हणाली, मला तर बाई हे जमायचं नाही, मी गप्पच बसते. म्हटलं उत्तम.

कोल्हापूरकडून सुटणारी एक गाडी आहे, ती सगळा महाराष्ट्र पालथा घालून गोंदियाला येऊन संपते. तिच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला आम्ही. एक दिवस आणि एक रात्र त्या गाडीत काढून मुलाचे आईवडील दुपारी उतरले. वडील उंच, पांढरा सदरा, टोपी. आई ठेंगणी, हातात कापडी पिशवी, पिशवीत गूळ. भाची आधीच पुण्याहून आली होती. ती त्यांच्या पाया पडली. दादा पुढं झाला, घसा साफ केला आणि म्हणाला, "प्रवास कसा झाला?"

"चांगला झाला," मुलाचे वडील म्हणाले.

दादानं माझ्याकडे पाहिलं. याच्या पुढचं वाक्य भाताचं होतं, आणि भाताला अजून तासभर होता. मग भाड्याच्या गाडीत आमगाव गेलं, फाटा गेला, दोन्हीकडे कापलेल्या बांध्या गेल्या, आणि दादा मिठाची गुळणी धरल्यासारखा पुढच्या सीटवर बसून राहिला. एरवी त्यानं या रस्त्यावरच्या प्रत्येक बांधीचा मालक, त्याचा बाप आणि त्या बापाचं भांडण सांगितलं असतं. मुलाचे वडील एकदा म्हणाले, "धान चांगलं दिसतंय." दादा म्हणाला, "हो." मी मागच्या सीटवर खूश होते, की कसा सभ्य बसलाय.

घरी पाय धुवायला पाणी दिलं, राम राम झाला, आणि पानं मांडली. चिन्नोरचा भात, लाखोरीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, कढी. एवढ्या प्रवासानंतर त्या दोघांना भूक लागली असणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मुलाच्या वडिलांनी पहिला भात संपवला. दादा भातवाढी घेऊन पुढं आला.

"आणखी थोडा भात घ्याल का?"

"नको, नको, पुरे," म्हणत त्यांनी रीतीप्रमाणे ताटावर हात आडवा धरला. बोटं चांगली पसरलेली होती. मधून मूठभर भात सहज पडला असता.

दादाची भातवाढी कलायला लागली. मी पाहिलं. पण माझा शब्द त्यानं मोडला नाही. "बरं," तो म्हणाला, "जशी आपली इच्छा." आणि भात घेऊन परत फिरला.

मुलाच्या वडिलांचा हात तसाच ताटावर राहिला, जरा वेळ. मग त्यांनी तो हळूच काढला, कढी प्यायली आणि उठले. मुलाच्या आईलाही तसंच. वहिनी तर भिंतीला टेकून अशी गप्प उभी, की बाई मुकी आहे की काय असं वाटावं. भाची एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत होती. मला मात्र वाटत होतं, झकास चाललंय. उंटावरचा शहाणा म्हणतात तो खाली उतरून बघत नाही, म्हणून तर तो उंटावर असतो.

चारच्या सुमारास मी चहा करायला सैपाकघरात गेले. मुलाची आई मागोमाग आली. कप विसळू लागली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "असू द्या." मग दाराकडे बघून, आवाज बारीक करून म्हणाली, "ताई, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

ते ‘न्हाई’ ऐकून मी चपापले. माझ्या मनातली कऱ्हाडची बाई अशी बोलत नव्हती.

"तुमच्या भावाला हे लगीन पसंत न्हाई ना?" ती म्हणाली. "फोनवर तापले हुते, तवाच आमाला कळलं. आमच्या ह्यास्नी मी म्हणलं, उगं लांबवू नगा, जाऊन माफी मागू. म्हणून आलो. पर आता बघा की, उतरल्यापास्नं एक शब्द बोलनात. जेवताना एकदा इचारलं आन् वाडगं उचलून गेले. आमच्यात दुश्मनाला बी तीनदा इचारत्यात." तिचे डोळे भरले होते. "पोरगी लई गुणाची हाय वं. आमच्या पोराचा जीव हाय तिच्यात. पर बापाच्या मनाविरुद्ध लेक न्यायची, हे आमच्यानं व्हायचं न्हाई. आमी गोंदियाला लॉजवर जातो. सकाळच्या गाडीनं माघारी."

चहा उतू गेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे मी मुलांना इतक्यांदा वाक्यात उपयोग करा म्हणून दिलंय, पण त्याचा अर्थ मला त्या चुलीपाशी कळला. दादाची जीभ बांधली तेव्हा तिच्याबरोबर त्याचा सगळा पाहुणचार बांधला गेला होता. दादाकडे प्रेमाची वेगळी भाषा नव्हतीच. जे होतं ते त्या दटावण्यातच होतं, आणि ते मी खळ्यावर बसून तीन दिवसांत काढून घेतलं होतं. मला माझीच लाज वाटली. पोरीचं लग्न माझ्या तीन वाक्यांवर मोडत होतं.

मी सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागच्या गोठ्यातून दादाचा आवाज आला.

"काहे नही खाय रही सेस?" असं तो म्हशीला विचारत होता, का खात नाहीस म्हणून. म्हैस आमची नखरेल आहे, दादाचं आणि तिचं हे रोजचं. पण ते एक वाक्य झालं आणि दादा पोवारी सोडून झाडीबोलीवर आला. पहिलं वाक्य म्हशीचं होतं. पुढची तिची नव्हती.

"खा ना वो. एवढ्या दुरून आली, एक दिवस अन् एक रात गाडीत बसली, अन् मूठभर खाऊन उठून राहिली? लाज नाही वाटत? हात कायले आडवा लावते? मी का तुले मोजून देऊन राहिलो? माया घरी का धान नाही पिकत? उपाशी गेली तं गावात मी कोन्तं तोंड दाखवू?"

म्हशीला हात नसतो, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

मी आणि मुलाची आई मागच्या दारात गेलो. गोठ्याच्या खांबाला टेकून मुलाचे वडील आधीच उभे होते, तंबाखू मळत. ते बहुधा मोकळ्या हवेला म्हणून तिकडं गेले असावेत. दादाची त्यांच्याकडे पाठ होती. ते ऐकत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. शेवटी तंबाखू झटकून ते म्हणाले, "पाहुणं, हे मला म्हणायला काय झालं हुतं वं? अर्धपोटी उठलोय मी."

दादा वळला. आधी पाहुण्यांकडे पाहिलं त्यानं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. बोलू का, असं विचारत होता तो. साठीला आलेला माणूस, स्वतःच्या गोठ्यात, स्वतःच्या पाहुण्याशी बोलायला माझी परवानगी मागत होता. ती नजर मी विसरायची म्हटलं तरी विसरणार नाही.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "त्याला मीच गप्प केलंय. तीन वाक्यं पाठ करून घेतली आणि चौथं बोलायचं नाही म्हणून सांगितलं."

 मुलाची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आवं ताई, आमच्या पोरानं बी आमाला बजावलंय. तिकडची माणसं मास्तर हायत, तिथं ‘व्हय’ आन् ‘न्हाई’ म्हणू नगा. म्हणून हे बी उतरल्यापास्नं ‘चांगला झाला, चांगलं दिसतंय’ करत बसल्यात. ह्यांचं तोंड दुखाय लागलंय."

दादानं हात धोतराला पुसले. "जेवले किती तुमी?" त्यानं विचारलं.

"सांगितलं की. अर्धं."

"मंग चला ना. इथं म्हशीपाशी का पाहून राहिले?"

दिवे लागायच्या वेळी पुन्हा पानं मांडली. असं जेवण मी आमच्या घरात कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. दादा भातवाढी घेऊन उभा राहिला आणि दुपारपासून साठलेलं सगळं बाहेर आलं. "खा ना जी, का चिमणीवानी टिपून राहिले? कढी काऊन नाही घेतली? आंबट आहे का? आंबट असन तं सांगा, तुमच्या विहिणीले बोलतो." वहिनीलाही कंठ फुटला, ती दुसऱ्या बाजूनं वडे टाकत सुटली. मुलाचे वडील हात आडवा धरायचे, दादा तो हात धरून बाजूला करायचा, ते "आवं आवं" करायचे आणि खायचे. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं असं नाही. कऱ्हाडचं ‘कोरड्यास’, म्हणजे भाकरीबरोबरचं कालवण, दादाला कळलं नाही आणि आमचा ‘धुरा’ त्यांना कळला नाही. मी सांगायला तोंड उघडलं, पण कुणाला मास्तरणीची गरज नव्हती. हातानं दाखवून त्यांचं चाललं होतं.

भाची बापाकडे बघत होती. लहानपणी जत्रेत पाहायची तशी.

"मंग पोरगी कवा देताय?" मुलाच्या वडिलांनी तोंडात घास असतानाच विचारलं.

"घेऊन जा ना," दादा म्हणाला, "कोन अडवून राहिलं? दोन वर्षांपासून माया डोक्यावर बसली आहे." आणि एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं, पातेल्यातला भात उगाच वरखाली केला. भाचीनं डोळे पुसले. वहिनी तर उघड रडली. लग्न ठरलं ते असं. सुपारी दुसऱ्या दिवशी फुटली, पण ठरलं ते त्या भातावर.

मी ओळीत शेवटी बसले होते. माझं पान रिकामं झालेलं. दादा सगळ्यांना वाढत, दटावत, ओरडत माझ्यापर्यंत आला. थांबला. भातवाढी सरळ धरली, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आणखी थोडा भात घेणार का?"

मी हात आडवा धरला. सवयीनं म्हटलं, "नको."

"बरं," दादा म्हणाला. "जशी तुझी इच्छा."

थट्टा नव्हती ती. थट्टा असती तर बरं झालं असतं. तो खरंच परत फिरला. मला वाटत होतं, हे वाक्य मी त्याला या दिवाळीत शिकवलं. पण ते त्याला आधीपासून येत होतं. पंचवीस वर्षं तो माझ्याशी असंच बोलत होता, वसतिगृहाच्या फाटकापासून, मी म्हटलं तसं, हळू आणि नीट. मी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा असंच. माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात असंच. त्या घरात त्यानं सगळ्यांना दटावलं, आजच्या आज कऱ्हाडच्या माणसांना दटावलं, म्हशीला तर रोज दटावतो. मलाच तेवढं नाही. एका दिवसात ते दोघं घरचे झाले होते. पाहुणी त्या पंगतीत एकटी मी होते.

"दादा," मी म्हटलं. तो वळला. मग मी त्याला विचारलं, की मला का नाही दटावत, मी काय परकी आहे का. पोवारीत विचारलं. शब्द जुने होते, तोंडात नीट बसेनात, मधे एक चुकलाही. भाचीसारखी मीही पाहुण्यासारखीच बोलले असेन. 

 दादानं पातेलं काखेत घेतलं, भातवाढी शिगोशीग भरली आणि माझ्या पानापाशी आला. माझा हात अजून ताटावर आडवाच होता.

"हात हटाव," तो ओरडला. बांधीच्या त्या धुऱ्यापर्यंत गेला असेल आवाज.

मी हटवला नाही. त्यानं वाट पाहिली नाही, गरम भात सरळ माझ्या हातावर टाकला.